दाट कालवलेली भुकटी

भिवंडीत त्या काळी लूमवर सूत तुटलं की दोघांना शिव्या बसत. पहिली शिवी लूम चालवणाऱ्या कारागिराला आणि दुसरी सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ चढवण्याच्या कारखान्यात, ती खळ शिजवणाऱ्याला. कासमशेठच्या सायझिंगमध्ये खळ बाळाराम शिजवायचा, आणि त्याच्या वाट्याला ही दुसरी शिवी सहसा येत नसे. याचा त्याला माज होता आणि तो लपवायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

मक्याचा स्टार्च, चिंचोक्याचं पीठ आणि थोडी चरबी मोठ्या टाकीत वाफेवर रटरटत असायची. लांब दांड्याने ती घोटत राहायची, गुठळी होऊ द्यायची नाही, मग ताण्याचं, म्हणजे उभं, सूत त्यातून ओढून सुकवायचं, म्हणजे धाग्याला बळ येतं आणि लूमचे हिसके तो सोसतो. खळ बरोबर झाली की नाही, हे बाळाराम अंगठा आणि तर्जनीत एक थेंब धरून, बोटांची उघडझाप करून सांगायचा. पुष्कळ मालक खळीत पाणी वाढवून काटकसर करत. बाळारामच्या टाकीशी ते चालत नसे. पातळ खळ म्हणजे चोरी, असं तो शेठच्या तोंडावर बोलायचा. कासमशेठ कोकणी मुसलमान, आजोबांच्या वेळेपासून भिवंडीतला आणि जिभेने खवचट. बाळारामला पगार मी देतो की बाळाराम मला देतो, हेच कधीकधी कळत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगे. पण टाकीशी जाऊन दोन शब्द सुनवायची त्याचीही छाती नव्हती.

पातळ या गोष्टीवर बाळारामचा राग जुना होता. तो मूळचा दिघाशीचा. लहानपणी गावात त्याच्या आळीला जे मिळालं ते पाणी घालूनच मिळालं. ताक मागायला गेलं की लोटीत आधी पाणी पडायचं. शाळेत परदेशी भुकटीचं दूध वाटायचे, तेव्हा आधी बाकीच्या पोरांचे पेले भरायचे, मग तळाशी उरलेल्यात हंडाभर पाणी ओतून ते यांच्या पेल्यांत यायचं. घराण्याने धर्म बदलला, बुद्धाला वंदन सुरू झालं, बाळाराम शहरात आला, पण त्या पांढरट पाण्याची चव काही जिभेवरून गेली नाही. आपल्या पोरीच्या पेल्यात तसलं पाणी पडू देणार नाही, हे त्याने ती जन्मली तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

ती पोरगी म्हणजे चंद्रा. एकुलती एक, नाकीडोळी आईसारखी आणि हट्टाने बापासारखी. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती दहावीत जायची होती आणि तेव्हाच तिचं पोट दुखायला लागलं. जेवली की उजवीकडे खाली कळ यायची आणि ती पाय पोटाशी घेऊन पडून राहायची. जुलाब थांबेनात. संध्याकाळी अंगात कणकण. पहिल्या डॉक्टरने जंत म्हटलं, दुसऱ्याने परीक्षेची भीती, आणि तिसऱ्याने फोटो काढून आतड्याचा टीबी ठरवला. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली, तोंडाची चव गेली, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. पोरीचा फ्रॉक हँगरला लटकावा तसा तिच्या अंगावर लटकायला लागला.

मंदा, तिची आई, नगरपालिकेच्या बालवाडीत मदतनीस होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी भरवायची आणि घरी आली की आपली पोर ताटाकडे पाठ करून निजलेली दिसायची. शेजारची पुतळाबाई म्हणाली, एखादा नवस बोल. मंदाने सांगितलं, आमच्यात नवस बोलत नाहीत, आमच्या सासऱ्यांनीच ते सगळं सोडलं. बोलताना ती ताठ मानेने बोलली. पण मनातून तिला पुतळाबाईचा हेवा वाटला. तिला निदान मागायला कुणीतरी होतं.

शेवटी कासमशेठनेच ओळख काढून त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सबनीसबाईंकडे पाठवलं. या डॉक्टरबाई बारीक अंगाच्या, आवाजाने रुक्ष आणि खोटा धीर देण्याच्या बाबतीत अतिशय कंजूष. त्यांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि टीबीच्या गोळ्या बंद केल्या. हा क्रोन्सचा आजार, असं त्या म्हणाल्या. अंगातले पहारेकरी चोर समजून आपल्याच आतड्याला मारत सुटतात, तिथे सूज येते, जखमा होतात, आणि जखमा भरताना आतडं आवळत जातं. मग त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, पण चंद्राचा चेहरा सुजून चंद्रासारखाच गोल झाला आणि शाळेतल्या मुलींना चिडवायला आयतं नाव मिळालं. गोळ्या कमी केल्या की कळा परत. असं वर्षभर चाललं. दुसऱ्या वर्षी फोटोत दिसलं की आतडं एका जागी फार अरुंद झालंय.

त्या दिवशी बाईंनी नवराबायकोला समोर बसवून दोनच वाटा सांगितल्या. एक म्हणजे ऑपरेशन. तेवढा भाग कापायचा, आणि आत सूज असल्यामुळे तिथेच शिवता येणार नाही, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढायचं. मळ तिथून पिशवीत पडेल. काही महिन्यांनी जमलं तर परत आत जोडायचं. सोळा वर्षांच्या पोरीच्या पोटावर पिशवी, हे ऐकून मंदाने पदर तोंडात धरला.

दुसरी वाट म्हणजे एक भुकटी. काही आठवडे तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, फक्त ही भुकटी पाण्यात कालवून प्यायची. बाळारामने विचारलं, त्यात असतं काय. बाईंनी त्या दिवशी कधी नव्हे तो वेळ काढून सांगितलं. डाळीत, अंड्यात, मासळीत जे प्रथिन असतं ती एक लांब माळ असते. आतडं ती तोडतं, मणी सुटे करतं आणि मग ते मणी रक्तात जातात. हे मणी म्हणजे अमायनो आम्लं. या भुकटीत मणी आधीच सुटे केलेले आहेत, आतड्याला कष्ट नाहीत. शिवाय अख्खी माळ दिसली की पहारेकरी बिथरतात, सुट्या मण्याकडे त्यांचं लक्ष जात नाही, असं काहींचं म्हणणं. एखादा मणी तर आतड्याचं अस्तर स्वतःच खातं आणि स्वतःला सांधतं, असंही म्हणतात.

“म्हंजे बरी व्हईल,” बाळाराम म्हणाला.

“बरी होईल असं मी म्हटलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “परदेशात बऱ्याच जणांची सूज उतरली. काहींची नाही उतरली. का उतरते यावर त्यांचीच अजून भांडणं चालू आहेत. पण चाकू लावण्याआधी करून बघण्यासारखं आहे.”

भुकटी इथे मिळत नव्हती. कासमशेठचा पुतण्या महमूद कुवेतला होता, त्याला कळवलं. सुट्टीवर येताना त्याने अत्तराच्या बाटल्या आणि टेपरेकॉर्डर यांच्या जोडीला भुकटीच्या डब्यांचं खोकं आणलं आणि शेठने ते स्वतः बाळारामच्या खोलीवर पोचवलं. आभार मानायला लागल्यावर शेठ म्हणाला, ते नंतर, आधी पोरीला पाज, तिच्या रडण्याने तुझं टाकीकडे लक्ष नसतं. हे असं बोलणं म्हणजे कासमशेठची माया होती.

एक डबा घेऊन ते इस्पितळात गेले, तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर भुकटी कालवून दाखवली. डब्यातला चमचा सपाट भरून घ्यायचा आणि त्याला ग्लासभर गार पाणी. सुरुवातीला याच्याहूनही पातळ, ताकाच्या निवळीइतकं. पोट सोसतंय असं दिसलं तर दर थोड्या दिवसांनी जरा दाट. दिवसभर घोटघोट प्यायचं, गटागटा नाही. पहिले काही दिवस पोट थोडं ढिलं होईल, घाबरायचं नाही. मंदा मान हलवत होती. बाळाराम त्या ग्लासाकडे बघत होता. चमचाभर पांढरं आणि वर पाणीच पाणी. बाकी काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

घरात पाऊल टाकल्यावर तो मंदाला म्हणाला, “आपल्याला बघून सांगितलं त्यांनी. गरिबाला डबे पुरायला पायजे ना. शेठच्या पोरीला पातळ दे बोलल्या असत्या का?”

मंदा म्हणाली की बाई तशा नाहीत. पण बाळारामचं ठरून गेलं होतं. ज्याने आयुष्यभर पातळाशी वैर केलं, ज्याच्या हाताने धाग्यात बळ भरलं, त्याला कुणी कालवायला शिकवावं हेच मुळी त्याला पटत नव्हतं. बाई आतड्याच्या जाणकार असतील. भुकटी आणि पाण्याचं नातं आपल्याला जास्त कळतं, अशी त्याची खात्री होती. सुतासारखंच आहे, बळ दाटात असतं. आणि हे सगळं तो कुठल्या दुष्टाव्याने करत नव्हता, हीच तर वाईट गोष्ट होती. दुष्टाव्याने करणाऱ्याला कुणीतरी अडवतं.

सकाळी ड्युटीवर जाण्याआधी तो स्वतः कालवायला बसायचा. मंदाला हात लावू द्यायचा नाही. कोमट पाणी, सांगितल्याच्या दुपटीहून जास्त भुकटी, आणि लाकडी रवीने असं घोटायचा की शोधून गुठळी सापडू नये. मग एक थेंब बोटांत धरून उघडझाप. चंद्राने पहिल्याच दिवशी डबा हातात घेऊन त्यावरचं इंग्रजी वाचलं होतं.

“बाबा, डब्यावर लिवलंय, एवढ्या चमच्याला आख्खा ग्लास पाणी.”

“ते तिकडच्या लोकांसाठी,” बाळाराम म्हणाला. “ती लोकं आधीच अंडी-मटण खाऊन बसलेली असतात.”

चंद्रा हसली. तिला बापाचं हे असलं बोलणं आवडायचं. तिने डबा खाली ठेवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

भुकटीला सडक्या बटाट्यासारखा वास यायचा. चंद्रा नाक दाबून प्यायची आणि बाप समोर पाटावर बसून शेवटचा घोट जाईपर्यंत बघत राहायचा. पेला रिकामा झाला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते बघायला म्हणून तरी ती तो संपवायची. दिवसभरासाठी दुसरं भांडं कालवून ठेवलेलं असायचं. तो कामावर गेला की पोटात मुरडा उठायचा. पोर भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची आणि पाण्यासारखं व्हायचं. संध्याकाळी बाप विचारायचा, कसं वाटतंय. बरं वाटतंय, असं ती सांगायची.

घरात फोडणीचा वास नको म्हणून मंदाने चूल बंद ठेवली होती. ती पुतळाबाईकडे भाकऱ्या थापायची आणि नवराबायको तिथेच उंबऱ्यात बसून खायची. घास चावल्याचा आवाज भिंतीपलीकडे पोरीला ऐकू जाईल, याचीही मंदाला शरम वाटायची. एकदा तिथेच ती म्हणाली की चंद्राचे डोळे खोल गेलेत, जीभ कोरडी पडलीय, जरा पातळ करून बघू या का. बाळारामने भाकरी खाली ठेवली. “तू तुझी बालवाडीतली खिचडी पातळ कर,” तो म्हणाला. आपल्याला नीट सांगता आलं नाही, भांडता आलं नाही, याचा सल मंदाला पुढे जन्मभर राहिला. पण नवऱ्याच्या हाताला सगळी भिवंडी मानत होती आणि ती भातात मीठ घालतानाही दोनदा विचारणारी बाई होती.

जुलाब वाढले तसं बाळाराम म्हणायला लागला की रोग बाहेर पडतोय. आठवड्याने दाखवायला या, असं बाईंनी सांगितलं होतं. चंद्राला एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून ती तारीख गेली, मग पुढचीही गेली. इकडे डबे मात्र भराभर संपत होते. बाईंनी सांगितलेल्या आकड्यावरून महमूदने डबे आणले होते ते संबंध उपचाराचे, आणि अर्धी मुदत उलटते न उलटते तोच खोक्यात तळाला दोन डबे उरले. बाळारामने आधी महमूदला नावं ठेवली, मग बाईंच्या गणिताला. मग तो शेठकडे गेला आणि आणखी मागवता येतील का विचारलं.

कासमशेठ म्हणाला, महमूद आता बकरी ईदलाच येईल, त्याच्या आधी कसं जमणार. मग पान गालात सरकवून त्याने बाळारामकडे बघितलं. “संपले कसे पण? खळीसारखी घोटून तर पाजत न्हाईस ना पोरीला?”

शेठने ते गमतीत म्हटलं होतं. बाळारामही हसला. मग टाकीशी जाऊन त्याने दांडा हातात घेतला. खळ घोटता घोटता तो थांबला. सूत बाहेरून खळ घेतं, हे त्याला माहीत होतं. आतडं कसं घेतं हे त्याला माहीत नव्हतं. आपल्याला हे माहीत नाही, ही गोष्ट इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या लक्षात आली. शिफ्ट संपायची वाट न बघता तो घराकडे निघाला. आज अर्धं पाणी घालायचं, कुणाला काही न सांगता घालायचं, असं त्याने रस्त्यात ठरवलं.

घरी पोचला तर दारात पुतळाबाई उभी होती. आत चंद्रा हिरवं ओकत होती. पोट फुगून टणक झालं होतं आणि अंग तापाने भाजत होतं. मंदाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती बाळारामकडे बघत होती, पण त्याच्याकडे काही मागत नव्हती.

शेठने जीप दिली. वाटेतलं पूर्णा गाव मागे पडेपर्यंत चंद्रा कण्हत होती, पुढे तेही थांबलं आणि बाळाराम दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरून बघायला लागला. इस्पितळात सुई टोचायला शीर सापडेना, इतकी ती सुकली होती. नाकातून नळी घातली, फोटो काढला. सबनीसबाई आल्या, फोटो उजेडात धरून बघितला आणि खाली ठेवला. अरुंद जागा पूर्ण बंद झाली होती.

“हिने काय खाल्लं?” त्यांनी विचारलं.

मंदा म्हणाली, काहीच नाही. पोरीच्या शपथेवर सांगते, एक कण नाही.

“मग एवढं पाणी कशाने गेलं अंगातलं? भुकटी कालवत कोण होतं?”

बाळाराम सांगायला एक पाऊल पुढे आला. पण त्याच्या आधी खाटेवरून चंद्राचा आवाज आला. नळीमुळे ती घोगरं बोलत होती.

“मी खाल्लं, बाई. चोरून. आई कामाला जायची तवा नाक्यावरून वडे आणून खायची. रोज.”

मंदाने कपाळावर हात मारून घेतला. घरात चूल बंद ठेवली, उपाशी पोरीसमोर घास दिसायला नको म्हणून लपून जेवलो, आणि तू वडे खाल्लेस, असं म्हणत ती तिथेच खाली बसली. बाईंचा चेहरा आणखी कोरडा झाला. इतक्या मेहनतीने आणलेली गोष्ट वाया घालवली, आता भुकटीचा गुण आला की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नाही, असं त्या म्हणाल्या आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

बाळाराम पोरीकडे बघत होता. जी पोर मोरीपर्यंत भिंत धरून जात होती ती नाक्यावर कशी जाईल, हे मंदाला त्या क्षणी सुचलं नाही, पण त्याला सुचलं. आणि चंद्राही त्याच्याकडेच बघत होती, गप्प राहा असं सांगणाऱ्या डोळ्यांनी. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डबा तिने वाचला होता. पोटात मुरडे उठत होते तेव्हा ते कशाने उठतात हेही तिला माहीत होतं, आणि तरी ती रोज सकाळी बापासमोर नाक दाबून पेला संपवत होती.

बाई दाराबाहेर गेल्या, तसा तो त्यांच्या मागे धावला. व्हरांड्यात त्याने त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. पाणी किती घातलं, भुकटी किती घातली, का घातली. ती खोटं बोलते, तिने काही खाल्लं नाही, हे सगळं माजं करणं हाय, असं तो म्हणाला. बोलताना त्याचे हात हवेत घोटल्यासारखे फिरत होते आणि त्याला ते थांबवता येत नव्हते.

बाईंनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. दाट द्रावण आतड्यात अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून मुरडा येतो, म्हणून जुलाब होतात, म्हणून आधी पातळ सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. डब्यांच्या संख्येशी त्याचा काही संबंध नव्हता.

“मग पुन्हा मागवतो डबे,” बाळाराम म्हणाला. “बाई, मी शेठच्या पाया पडतो. या बारीला तुमी सांगाल तसं. मी हात पण लावणार न्हाय. पण कापू नका तिला.”

“आता उशीर झाला. आतडं बंद झालंय, आजच कापावं लागेल.”

“माज्यामुळं झालं ना?”

“सुकली ती तुमच्यामुळे. पण ती जागा आधीच इतकी आवळलेली होती की नीट कालवूनही कदाचित बंद झालीच असती. किंवा नसती झाली. कदाचित सूज उतरली असती. मला सांगता येत नाही.”

“तुमी सांगा. व्हय बोललात तरी चालंल.”

“खरंच माहीत नाही, बाळाराम. आता कुणालाच कळणार नाही.”

त्या निघून गेल्या. बाळारामला वाटलं होतं की खरं बोललं की काहीतरी होईल. कुणी थोबाडीत मारेल, कुणी पोलिसात देईल, नाहीतर कुणी म्हणेल की जाऊ दे, तुझी चूक नाही. यातलं काहीच झालं नाही. वॉर्डातला एक माणूस बादली घेऊन आला आणि बाजूला व्हा म्हणाला, तसा तो भिंतीला चिकटून उभा राहिला. परत आत आला तेव्हा मंदाला त्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं. तिने ऐकलं, चंद्राच्या अंगावरची चादर नीट केली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. ती भांडली असती तर त्याने पाय धरले असते. ती भांडली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही.

ऑपरेशन झालं. चंद्रा वाचली. उजवीकडे पोटावर आतड्याचं लालसर तोंड आणि त्याला चिकटवलेली पिशवी, हे सगळं तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती रडली नाही. नर्सने पिशवी कशी बदलायची ते दाखवलं आणि तिने ते मंदापेक्षा लवकर शिकून घेतलं. बाळाराम मात्र तेव्हा बाहेर जायचा. आतड्याचं तोंड परत आत केव्हा जाईल, असं त्याने बाईंना विचारलं. आधी अंगात रक्त भरू दे, मग बघू, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तेही ठरलेलं नव्हतं.

हळूहळू पोटातली कळ गेली आणि चंद्राला भूक लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून खायला मागितलं. बाईंनी तांदळाची गाळलेली पेज द्यायला परवानगी दिली. मंदा पहाटे उठून ती शिजवून थर्मासमध्ये घेऊन आली. इस्पितळात पोचली तेव्हा बाळाराम खाटेशीच होता. थर्मास ठेवून ती लुगड्याचा पदर धुवायला नळावर गेली, तेवढ्यात बाळारामने पेज पेल्यात ओतली. पातळ होती, मंदाने मुद्दाम तशी केली होती. त्याने ती निववली, एका हाताने पोरीच्या मानेखाली आधार दिला आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

चंद्राने ओठ मिटले. तिने पेल्यात वाकून बघितलं, मग बापाकडे बघितलं. तिचा हात नकळत चादरीखाली पोटावर गेला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “आई येऊ द्या. आई देईल.”

“अगं, आईनंच केलीय. मी नुसती ओतली.”

“ठावं हाय मला. तरी आई येऊ द्या.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर तो त्याला घेता आला असता. त्याने तिची मान उशीवर ठेवली आणि पेला धरून तसाच बसून राहिला. मंदा आली, तिने काही न विचारता त्याच्या हातातून पेला घेतला आणि तिथेच कडेला टेकली. चंद्राने पेल्यात बघितलं नाही. डोळे मिटून ती सगळी पेज प्यायली आणि आणखी मागितली.

बाळाराम उठून उभा राहिला. पोरगी खाते आहे, याचा त्याला खरोखरच आनंद झाला होता, आणि तो आनंद घेऊन तिथे उभं राहणं त्याला जमत नव्हतं. मी जरा खाली जाऊन येतो, असं तो म्हणाला. दोघींपैकी कुणीच त्याला कशाला म्हणून विचारलं नाही.